साडेनऊ इंच

डावा पाय मोडला, म्हणजे क्लचचा.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे टेकवायचा नाही.
नऊ फेब्रुवारीला गाडीचा विमा संपत होता.
मोईनभाईचा फोन आला, "सर, भरून टाकू का?"
मी म्हणालो, गाडी उभीच हाय, कामून भरायचा?
सात हजार दोनशे भागिले तीनशे पासष्ट:
रोजचे एकोणीस रुपये बहात्तर पैसे,
नुसतं उभं राहण्याचे.
"नव्वद दिसाच्या आत भरा म्हंजे झालं," तो म्हणाला,
"पर रस्त्यावर काडू नका."

रस्त्यावर.
चौतीस वर्षं मी भूमी अभिलेखात मोजणी केली,
सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत.
भावाभावांच्या मधोमध दगड रोवले आणि चहा न घेता निघालो.
दहा तारखेला कुबड्या बाजूला टाकून
फाटकाशी बसलो, टेप लावला.
फाटक सहा वर्षांपासून लागत नव्हतं
आणि आम्ही बिजागरीला दोष देत होतो.
डिकीकडून साडेनऊ इंच
नगरपालिकेच्या हद्दीत.

हसू नका.
याहून कमी इंचांसाठी
तीन पिढ्या परभणीच्या कोर्टात गेलेल्या मी पाहिल्यात.

पुढची पाण्याची टाकी रिकामी केली, सरकवली.
ढकलायला मोंढ्यामागची चार पोरं आली.
स्टिअरिंगला कुणीतरी हवं होतं.
चंद्रकला बसली, अकरा वर्षांनी,
पदर खोचून, दोन्ही हात दहा वाजून दहा मिनिटांवर,
तेव्हा शिकवले होते तसे.
त्यानंतर मी शिकवलंच नव्हतं.

मार्चच्या दोन तारखेला, रात्री, गारा.
पत्र्यावर पहिला आवाज झाला
आणि मला झोपेतच आकडे दिसले:
काच इतके, टप इतका, बॉनेट वेगळं.
मी दारात एका पायावर, हद्दीच्या खुणेसारखा,
नुसता ओरडत.
ती गोधड्या घेऊन धावली. एक, दोन, तीन.
चौथी स्वतःच्या डोक्यावरची काढून
मागच्या काचेवर टाकली.
सकाळी भिंतीवर ओल्या गोधड्या,
गल्लीतले विचारायले,
"काय वो, गाडीला ताप आलता का?"

प्लास्टर निघालं. वाचलेले सातशे तीस रुपये
मी दोनदा मोजले.
पण खंड पडलेल्या विम्याला तपासणी लागते.
नागनाथ नावाचा पोरगा मोबाईल धरून
गाडीभोवती प्रदक्षिणा घालायला लागला, बोलत बोलत:
"पुढचा बंपर, जुना ओरखडा.
उजवे दरवाजे ठीक.
डावा मागचा दरवाजा, चेपलेला.
हे कशानं झालं, काका?"

अकरा वर्षं माझ्याकडे याचं एकच उत्तर होतं,
लग्नात, बारशात, मेकॅनिकसमोर:
मंडळी शिकत होती.
लोक हसायचे. तीही हसायची, जरा उशिरा.

बांध कोरलेला माणूस
दगडाकडे न बघता बोलतो, हे मला ठाऊक आहे.
मी दरवाजाकडे न बघता म्हणालो,
"माझ्यानं. ती बरोबर वळवत होती.
मी मधेच स्टिअरिंगला हात घातला."
"जुनं, मालकाकडून," पोरगा मोबाईलला म्हणाला
आणि मागच्या टायरकडे गेला.
चंद्रकला चहा घेऊन उभी होती.
बशीत थोडा सांडला, तेवढंच.

संध्याकाळी पॉलिसी आली.
लागू: मध्यरात्री बारापासून.

पावणेबाराला ती उठून बसलेली.
"चावी कुठंय?" म्हणाली.
मी म्हणालो, सकाळी जाऊ. तिनं परत विचारलं.
फाटक आता लागत होतं, म्हणून उघडावं लागलं.
बारा वाजून चार मिनिटांनी
गाडी मागे सरकली, आधी साडेनऊ इंच,
मग थांबली, मग आणखी.
गल्लीत कुत्रं उठून बाजूला झालं.
मी शेजारच्या सीटवर,
दोन्ही हात मांडीखाली.